डोंगरावरची हॉटेलं कुठे गेली?

दोस्तांनो, मे महिन्यातली एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणा. घाटकोपरच्या नाहीतर मुलुंडच्या फलाटावर तुम्ही कर्जत लोकलची वाट बघत उभे आहात. बाबांच्या हातात बॅगा, आईच्या पिशवीत पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. अंधेरी-बोरिवलीच्या मंडळींची तर आणखी धावपळ, कारण त्यांना दादरला उतरून पूल ओलांडून गाडी बदलायची असते. पण तक्रार कुणाचीच नाही. कारण नेरळ आलं की पुढे माथेरान!

माथेरानला तुम्ही गेला असाल तर तिथले जुने बंगले आणि जुनी हॉटेलं तुम्हाला आठवत असतील. लाल मातीचा रस्ता, पुढे ऐसपैस व्हरांडा, लाकडी कठडे, करकरणारा जिना आणि कौलांवर उड्या मारणारी माकडं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर शोधला. मग हळूहळू मुंबईकरांनी तिथे घरं बांधली. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून १९०७ साली नेरळहून झुकझुकगाडी वर चढली. तेव्हापासून किती पिढ्या त्या व्हरांड्यांत बसून पत्ते खेळल्या असतील!

आता अशी कल्पना करा, की तुम्ही मोठे झालात आणि आपल्या मुलांना घेऊन पुन्हा तिथे गेलात. "चला, आम्ही ज्या हॉटेलात उतरायचो ते दाखवतो," असं मोठ्या ऐटीत म्हणालात. वळण घेऊन पुढे जाऊन बघता तर काय, हॉटेलच नाही! नुसती सपाट जागा. गवत, झाडं आणि दोन-चार दगड.

असं कधी होतं का? होतं, बरं का! एका गावाच्या बाबतीत नव्हे, तर एका अख्ख्या डोंगररांगेच्या बाबतीत हे झालेलं आहे. तिथली एकाहून एक मोठी हॉटेलं आगीत गेली. त्यांचीच ही गोष्ट.

न्यूयॉर्कचं माथेरान

अमेरिकेतलं न्यूयॉर्क शहर तुम्हाला माहीत आहे. आपल्या मुंबईसारखंच तेही समुद्रकाठचं, गर्दीचं आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा काढणारं. त्या शहराच्या उत्तरेला, साधारण दीडशे किलोमीटरवर, हडसन नदीच्या पश्चिमेला कॅटस्किल नावाचे डोंगर आहेत. रिप व्हॅन विंकलची गोष्ट तुम्ही वाचली असेल. डोंगरात जाऊन झोपलेला आणि वीस वर्षांनी जागा झालेला तो आळशी गृहस्थ! वॉशिंग्टन आयर्व्हिंग या लेखकाने १८१९ साली ती गोष्ट लिहिली आणि रिपला झोपवलं ते याच कॅटस्किलच्या डोंगरात.

पुढे पाचच वर्षांनी, १८२४ साली, तिथे एका उंच कड्याच्या अगदी टोकावर एक हॉटेल उघडलं. त्याचं नाव कॅटस्किल माउंटन हाऊस. पांढरंशुभ्र लाकडी हॉटेल आणि पुढच्या बाजूला उंच उंच खांबांची रांग. खालच्या खोऱ्यातून बघितलं तर कड्यावर कुणी देऊळ बांधलंय असं वाटावं!

न्यूयॉर्कचे लोक आगबोटीत बसून हडसन नदीतून वर यायचे. मग घोडागाडीतून घाट चढायचा. हाडं खिळखिळी व्हायची. तरी लोक हौसेने येत, कारण पहाटे त्या खांबांपाशी उभं राहून सूर्योदय बघायचा असे. खाली धुक्याचा समुद्र, मध्ये नदीची चांदीची रेघ आणि पलीकडून वर येणारा लाल गोळा. थॉमस कोल नावाच्या तरुण चित्रकाराने १८२५ साली या डोंगरांत फिरून चित्रं काढली आणि ती इतकी गाजली की चित्रकारांची रांगच लागली.

१८९२ साली घोडागाडीचा त्रासही संपला. डोंगराच्या उभ्या उतारावर रूळ टाकले आणि जाड तारेच्या दोराने डबे वर खेचायची सोय झाली. तासन्‌तासांचा घाट मिनिटांत! आपली माथेरानची गाडी वळणं घेत घेत, दमादमाने चढते. ही मात्र सरळ लिफ्टसारखी वर जायची.

एका कोंबडीपायी

माउंटन हाऊसचे मालक होते चार्ल्स बीच. मोठे करारी गृहस्थ. त्यांच्या हॉटेलात फिलाडेल्फियाचे एक नामांकित वकील नेहमी उतरत, जॉर्ज हार्डिंग त्यांचं नाव. १८८०च्या उन्हाळ्यात या दोघांचं वाजलं. कशावरून? तर तळलेल्या कोंबडीवरून!

असं सांगतात, की हार्डिंगसाहेबांच्या मुलीची तब्येत बरी नव्हती. तिला रोजचं मांस चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी कोंबडी तळून मागितली. पण त्या दिवशीच्या यादीत कोंबडी नव्हती. "यादीत आहे तेच मिळेल," असं उत्तर आलं. शब्दाने शब्द वाढला. "इथलं पसंत नसेल तर स्वतःचं हॉटेल काढा!" असं बीच म्हणाले म्हणे.

वकीलसाहेबांनी ते शब्द खरे केले. जवळच्याच डोंगरावर त्यांनी पुढच्या वर्षी, १८८१ साली, चक्क स्वतःचं हॉटेल उभं केलं. त्याचं नाव हॉटेल कॅटर्सकिल. तेही साधंसुधं नव्हे. जगातल्या सगळ्यात मोठ्या लाकडी हॉटेलांमध्ये त्याची गणना होऊ लागली. लोक या भांडणाला गमतीने 'कोंबडीचं युद्ध' म्हणत!

मग एका हंगामात इकडे गर्दी, तर दुसऱ्या हंगामात तिकडे. बँड, नाच, मेजवान्या. पण हंगाम संपला की दोन्हीकडे सामसूम.

८ सप्टेंबर १९२४. उन्हाळा सरला होता आणि हंगाम नुकताच संपला होता. हॉटेल कॅटर्सकिलमध्ये मागची आवराआवर चालली होती. स्वयंपाकघरात साबण करण्यासाठी चरबी उकळत ठेवली होती, ती पेटली असं सांगतात. बघता बघता आगीने सगळं हॉटेल कवेत घेतलं. डोंगरमाथ्यावरचा तो जाळ कित्येक मैलांवरून दिसत होता. सकाळी राखेशिवाय काही उरलं नाही.

एप्रिल फूल नव्हे!

याच डोंगररांगेत वुडस्टॉक गावाजवळ ओव्हरलूक माउंटन हाऊस नावाचं आणखी एक हॉटेल होतं. ते १८७१ साली उघडलं. दोनच वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट तिथे येऊन गेले. हॉटेलवाल्याला आणखी काय हवं?

पण १८७५ सालच्या १ एप्रिलला काय झालं बघा. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता. हॉटेलात राखण करणारी थोडीशी माणसं होती. एका लहान मुलीने धूर बघितला आणि ती सांगायला धावली. पण दिवस एक एप्रिलचा! मोठी माणसं हसली. "आम्हाला एप्रिल फूल करतेस होय?" खरंच आग लागली आहे हे कळेपर्यंत उशीर झाला होता, असं तिथले लोक सांगतात. धुराड्यातून सुरू झालेल्या त्या आगीत सगळं हॉटेल गेलं.

मालकांनी हार मानली नाही. १८७८ साली त्याच जागी दुसरं हॉटेल उभं राहिलं. तेही १९२३ साली जळालं! मग तिसऱ्या खेपेला नव्या मालकाने ठरवलं, की लाकूड नकोच, आता सगळं काँक्रीटचं बांधू. आता आग काय करणार? आगीने खरंच काही केलं नाही. पण ते हॉटेल कधी पुरंच झालं नाही. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, पैसा आटला, पाहुणेही आटले. त्या काँक्रीटच्या भिंती आजही जंगलात उभ्या आहेत. छप्पर नाही, खिडक्यांना तावदानं नाहीत, आणि दिवाणखान्यात झाडं वाढली आहेत. जवळच शिखरावर एक उंच मनोरा आहे. कशासाठी माहीत आहे? जंगलात कुठे आग लागली तर लांबून दिसावी म्हणून!

जिना झाला धुराडं

एवढ्या मोठ्या इमारती काही तासांत कशा जळतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल.

चूल पेटवताना आजी फुंकणीने फुंकर का घालते? जाळाला हवा लागते म्हणून. आणि गरम हवा नेहमी वर जाते. आता ही हॉटेलं बघा. भिंती लाकडाच्या, जमीन लाकडाची, त्यावर तेलरंगाचे थरावर थर. मोकळे व्हरांडे, म्हणजे चारी बाजूंनी वारा. लांबच लांब बोळ, म्हणजे आगीला पळायला रस्ता. आणि मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेला उघडा जिना. खाली आग लागली की तो जिनाच धुराडं व्हायचा. गरम हवा वर ओढली जायची, तिच्याबरोबर जाळ वर जायचा, आणि खालून नवी हवा आत यायची. सगळी इमारतच एक मोठी शेगडी!

त्यात ही हॉटेलं डोंगरमाथ्यावर. विहिरी-तळी खाली, बंब त्याहून खाली. घोड्यांनी बंब घाटातून वर ओढून आणेपर्यंत सगळं आटोपलेलं असे.

म्हणजे हॉटेलं लाकडाची होती म्हणून गेली, असंच ना? थांबा! इथे जरा डोकं खाजवू या.

आधी माणसं गेली

वरच्या गोष्टी पुन्हा वाचा. कॅटर्सकिल कधी जळालं? हंगाम संपल्यावर. ओव्हरलूक पहिल्यांदा कधी जळालं? हंगाम सुरू होण्याआधी. हॉटेल गजबजलेलं असतं तेव्हा एखादी ठिणगी पडली, तर शंभर डोळे ती बघतात आणि दोनशे हात पाण्यासाठी धावतात. रिकाम्या घरात ठिणगीला कोण विचारणार?

आणि कॅटस्किलची हॉटेलं पुढे पुढे कायमचीच रिकामी होत गेली. लोकांकडे मोटारी आल्या. पूर्वी कुटुंबं महिना-महिना एकाच हॉटेलात राहत, आता मोटारीने आज इथे तर उद्या तिथे. तारेच्या दोराची ती गाडीही १९१८ साली बंद पडली. पुढे विमानं आली, शहरांत घरोघर थंड हवेची यंत्रं आली. मग घामाला कंटाळून डोंगरावर जायची गरजच काय?

आपलं पहिलं, खांबांचं माउंटन हाऊस मात्र आगीतून वाचलं होतं. शंभराहून अधिक वर्षं! पण १९४१चा हंगाम त्याचा शेवटचा ठरला. त्यानंतर ते बंदच राहिलं. छप्पर गळू लागलं, लाकडं कुजली, वादळात खांब पडले. लोकांनी दारं-खिडक्यासुद्धा पळवल्या. शेवटी जागा सरकारकडे आली. आत कुणी शिरलं आणि जिना कोसळला तर? शिवाय सरकारी राखीव जंगल कायम रानच राहावं असा तिथला नियम. म्हणून २५ जानेवारी १९६३ रोजी भल्या पहाटे सरकारी माणसांनीच त्या हॉटेलाला काडी लावली!

ज्या कड्यावरून लोक सूर्योदय बघायचे, तिथे त्या दिवशी सूर्य उगवायच्या आधीच आकाश लाल झालं.

आज तिथे गेलात तर हॉटेलाची मोकळी जागा दिसते, आणि कड्याच्या दगडांवर दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनी कोरलेली नावं. हॉटेल गेलं, नावं राहिली. (म्हणून तुम्ही मात्र आपल्या किल्ल्यांवर नावं कोरू नका हं!)

याच डोंगरांच्या दक्षिणेकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ हॉटेलांत ज्यू लोकांना खोली देत नसत. मग ज्यू कुटुंबांनी स्वतःची हॉटेलं काढली. ग्रॉसिंजर नावाच्या कुटुंबाने १९१४ साली एक जुनं शेतघर घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली. त्यांची मुलगी जेनी हिने त्या घराचं एवढं मोठं हॉटेल केलं की ते म्हणजे एक गावच झालं. १९५२ साली तिथे यंत्राने बर्फ करून लोकांना घसरायला दिला! तेही १९८६ साली बंद पडलं. छत्तीस वर्षं रिकामं राहिल्यावर, ऑगस्ट २०२२मध्ये, तिथे उरलेली एक मोठी इमारत आगीत गेली. पुन्हा तेच. आधी माणसं गेली, मग आग आली.

आणि आपल्याकडे?

हे फक्त अमेरिकेत होतं असं समजू नका. पुण्याचा शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेल. आत शिरल्यावर "वाडा कुठाय?" असंच तुम्ही विचारलं असेल. बाहेर भक्कम तट, दिल्ली दरवाजा, आणि आत नुसते जोते आणि बाग. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली पायाभरणी केलेल्या त्या वाड्यात लाकूड पुष्कळ होतं. १८१८ साली पेशवाई संपली आणि पेशवे पुणं सोडून गेले. वाडा परक्यांच्या हाती गेला. आणि दहा वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, त्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती. जोवर तिथे दिवाणखाने भरत होते, पहारे बदलत होते, तोवर वाडा होता. घरची माणसं गेली आणि मागोमाग वाडाही गेला.

मुंबईत काळा घोड्यापाशी एक जुनं हॉटेल आहे, वॉटसनचं. त्याचा सांगाडा लोखंडाचा. तो विलायतेत ओतून, सुटे भाग बोटीने आणून इथे जोडला. हॉटेल १८७१ साली सुरू झालं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं, म्हणजे भारतातला पहिला सिनेमा, लोकांनी तिथेच पाहिला! लोखंडाला लाकडासारखी आग लागत नाही. पण हॉटेल बंद झालं, खोल्यांचे तुकडे पडले, आणि डागडुजी कुणी करायची यातच वर्षं गेली. २००५ साली त्याचा एक भाग कोसळला. २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली. लाकडाला आग लागते, तर लोखंडाला गंज लागतो. घराला काहीतरी लागतंच, जर घराकडे लक्ष देणारं कुणी नसेल तर!

तुमच्या गल्लीतलं माउंटन हाऊस

आता तुमच्याच उपनगराकडे बघा. मुलुंडचे, घाटकोपरचे दुमजली बंगले, पार्ल्या-अंधेरीची कौलारू घरं, बोरिवलीच्या गावठाणातले लाकडी खांबांचे व्हरांडे. त्यांतले कितीतरी गेले आणि तिथे उंच इमारती आल्या. त्यात वाईटच आहे असं नाही. माणसं वाढली, त्यांना घरं हवीतच. तुमच्यातले पुष्कळजण अशाच इमारतीत राहत असतील. पण जे गेलं ते कसं होतं, हे कुणाला तरी ठाऊक असायला नको का?

माउंटन हाऊस जळून गेलं, तरी ते कसं दिसायचं हे आज आपण सांगू शकतो. कशामुळे? चित्रकारांनी ते काढून ठेवलं, पाहुण्यांनी पत्रांतून लिहून ठेवलं, फोटोवाल्यांनी फोटो काढून ठेवले म्हणून. इमारत राखणं तुमच्या-माझ्या हातात नेहमीच नसतं. आठवण राखणं मात्र असतं.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. तुमच्या गल्लीतलं सर्वांत जुनं घर कुठलं ते शोधून काढा. बाहेरून त्याचं चित्र काढा. जिना कसा आहे, खिडक्या किती, कौलं आहेत की पत्रे, ते वहीत लिहा. तिथल्या आजोबांना किंवा आजींना विचारा, "तुम्ही लहान होता तेव्हा इथे काय होतं?" आणि मग गप्प बसून ऐका. खाली तारीख घालायला विसरू नका. ती वही जपून ठेवा.

आणि माथेरानला गेलात, तर त्या जुन्या हॉटेलाच्या करकरणाऱ्या जिन्यावर जरा हळू पावलं टाका. तो अजून आहे, कारण कुणीतरी दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच्या फळ्या तपासतं, खिळे ठोकतं, रंग देतं. जमलं तर त्या माणसाला विचारून बघा, "काका, हे हॉटेल किती जुनं आहे हो?" मग बघा, त्यांचा चेहरा कसा खुलतो ते!

चौकट : ठिणगी दिसली तर?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि दारूगोळाही. ती विझवताना स्फोट झाले आणि ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांची आठवण म्हणून दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या निमित्ताने एवढं पाठ करा :

• धूर दिसला की आधी मोठ्याने ओरडून सगळ्यांना सांगा. कुणी हसलं तरी चालेल. एक एप्रिल असला तरी!

• १०१ किंवा ११२ हा नंबर फिरवा. आपला पत्ता आणि जवळची खूण स्पष्ट सांगा.

• लिफ्टने जाऊ नका. जिन्यात धूर नसेल तर जिन्याने खाली उतरा.

• धूर वर जातो, चांगली हवा खाली राहते. म्हणून धुरातून जाताना वाकून किंवा रांगत जा. नाकातोंडावर ओला रुमाल धरा.

• बाहेर पडताना मागचं दार लोटून घ्या. बंद दार आगीला बराच वेळ अडवतं. आणि वह्या, खेळणी आणायला परत आत शिरू नका.

• सुट्टीत कुठल्याही हॉटेलात उतरलात, की खोलीत बॅग टाकल्याबरोबर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून या. आईबाबांनाही दाखवा!